पाव किलो

सकाळी सहा-पाचला मुश्ताकची घंटा.
तिसऱ्या मजल्यावरून दोरी सोडायची,
दोरीला नायलॉनची पिशवी, पिशवीत चिल्लर,
आणि वर येताना ती फुगलेली, उबदार,
खिडकीच्या गजांना घासत.
एकवीस वर्षं.
माझगावात टॉवर उठले, बेकरीवाल्याचा मुलगा म्हातारा झाला,
दोरी मी दोनदाच बदलली.

सबनीस डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचा फोटो उजेडावर धरला
आणि कागदावर लिहीत गेले:
पाव, पोळी, भात, बटाटा, पोहे, साबुदाणा.
खाली आडवी रेघ.
मी म्हटलं, मग उपासाला काय खायचं?
म्हणाले, उपासाला उपास करा.

कोलंबीचं कालवण वाटीत एकटं.
चमच्यानं प्यायले. भाताशिवाय ते
पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखं
घशाशी उभं राहिलं, आत येऊ की नको करत.
ह्यांच्या ताटात वाफाळता ढीग.
"घे थोडा," म्हणाले, आणि लगेच जीभ चावून
ताट घेऊन भिंतीकडे वळले,
जणू मी बघतेय.
बघतच होते.

गोदीच्या हिशेबखात्यात पेडणेकरबाई निवृत्त झाल्या.
सामोशाचं आवरण मी बाजूला काढलं.
आत बटाटा. तोही काढला.
बशीत उरला एक वाटाणा.
तो बत्तीस वेळा चावला
आणि त्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या.

आठवड्याअखेर काटा: पाव किलो कमी.
भाषेनंसुद्धा असा डाव साधावा?
सोडला तो पाव,
उतरला तोही पावच.

ह्यांनीही पाव बंद केला, घरात वास नको म्हणून.
इराण्याकडे उभ्यानं खाऊन येतात,
मिशीत चुरा घेऊन, "चक्कर मारून आलो" म्हणत.
मी काही बोलत नाही. फक्त जवळ बसते,
जरा जास्तच जवळ, आणि श्वास घेते.

सहा-पाचला घंटा वाजायची.
मी पडदा ओढून घ्यायची.
खाली तो थोडा थांबायचा. पुन्हा एकदा वाजवायचा,
हळू, आजारी माणसाच्या दारावर वाजवावी तशी.
मग उतारावरून साखळीचा आवाज.

तिसऱ्या महिन्यात कोळणीपाशी गाठ पडली.
सायकलवरून उतरला. टोपी काढली.
"भाभी, विचारू का, रागवू नका.
आधी तुमचे दहा होते.
दादाजी गेले, आठ झाले.
ताईंचं लग्न झालं, सहा.
ऋत्विज बाहेरगावी गेला तेव्हा तुम्ही बोलला नाहीत काही,
पिशवीत चाराचेच पैसे आले. मी समजलो.
आता तर…"
बोट वर करून त्यानं आमची खिडकी दाखवली.
"साहेब आहेत ना?"

कोळीण सुरमई कापता कापता थांबली.
रेशनकार्डावरून ऋत्विजचं नाव अजून निघालेलं नाही,
मतदारयादीत मामंजी अजून मत देतात,
आणि हा माणूस इतकी वर्षं
माझ्या घराची शिरगणती चोख ठेवून होता.

"आहेत," मी म्हटलं. "सगळे आहेत.
मीच गेले थोडी. चार किलो."

तो हसला नाही.
मला नीट न्याहाळलं, भट्टीतून काढलेली लादी न्याहाळावी तसं,
मग म्हणाला, "बाकीच्या राहा."

आता सहा-पाचला दोरी सोडते.
पिशवीत पैसे नाहीत, वर काही येत नाही.
परवा पोस्टातले जोशी विचारत होते
रोज काय हो बांधता-सोडता.
काय सांगणार?

खालून तो एकदा ओढतो.
मी वरून एकदा.
मग तो पुढच्या चाळीकडे,
आणि मी काकडीकडे.